दूरचे अब्बा की दूर असलेले अब्बा?

मागच्या महिन्यात शिरपूर जैनला बहिणीकडे गेलो होतो. भाची दहावीला आहे. इंग्रजीच्या निबंधात तिने लिहिले होते, ‘माय डिस्टंट फादर’. अब्बा रियाधला कामाला, म्हणून दूर. तिला एवढेच म्हणायचे होते. पण इंग्रजी वाचणाऱ्याला अर्थ लागतो तो असा : पोरीशी परक्यासारखा वागणारा बाप. हे सांगितले तेव्हा ती गप्पच झाली. दर जुम्म्याला न चुकता व्हिडिओ कॉल करणारा बाप, आणि कागदावर असा!

खरे तर ही खोच आपल्याही बोलीत आहे. ‘दूरचा भाऊ’ म्हणताना आपण मैल मोजत नाही, नाते मोजतो. शेजारच्या गल्लीतला माणूस दूरचा नातेवाईक असतो आणि रियाधमधला सख्खा. इंग्रजीतला ‘डिस्टंट रिलेटिव्ह’ही तसाच.

कामधंद्यापायी पांगलेल्या घराला इंग्रजीत ‘फार-फ्लंग’ म्हणतात. ‘फ्लंग’ म्हणजे भिरकावलेले. एक भाऊ पुण्यात, एक आखातात, बहीण शिरपुरात. अंतरही आले आणि विखुरणेही. एकट्या अब्बांना मात्र तो शब्द शोभत नाही.

याच शब्दाचा दुसरा अर्थ नुसता ‘फार लांबचा’. त्यासाठी भाचीच्या घरातच शब्द होता : दूरदराज. ‘दराज’ म्हणजे फारसीत लांब. ‘दूर’ तर फारसीतही आहे आणि संस्कृतातही. घरच्या उर्दूमुळे इंग्रजी कच्चे राहते असे मानणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

‘वाइडस्प्रेड’ माणसांना लावू नये. तो पाऊस, रोगराई, अफवा यांच्यासाठी, आपल्या ‘सर्वदूर’सारखा. हवामान खाते तर ७६ ते १०० टक्के केंद्रांवर पाऊस झाला तरच तो शब्द वापरते.

“मग मामू, आपलं शिरपूर रिमोट का?” तिने विचारले. ‘रिमोट’ म्हणजे दूर आणि आडबाजूचे. अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी परराज्यांतून जैन यात्रेकरू इथे येतात; त्या गावाला आडबाजूचे कसे म्हणायचे? ‘दुर्गम’ तर नाहीच. तो शब्द मेळघाटातल्या डोंगरवाटांसाठी राहू द्यावा.

तिने ती ओळ खोडली आणि साधे लिहिले, ‘माय फादर वर्क्स फार अवे, बट ही इज व्हेरी क्लोज टू मी.’ जुम्म्याला अब्बांना वाचून दाखवली.