इंग्रजी वाचनाचा आरंभ आणि सचित्र मासिके

उर्दू माध्यमातील मूल उजवीकडून डावीकडे वाचावयास शिकते. इंग्रजी चित्रकथा हाती आल्यावर ते आधी उजवीकडील चौकट पाहण्याचा संभव असतो. मग गोष्टीचा अर्थ लागत नाही. हा लिपीचा संस्कार आहे. त्यावरून मुलाला इंग्रजीत कच्चे ठरविणे अन्यायाचे होय.

अनंत पै यांच्या संपादनाखाली १९८० साली सुरू झालेल्या ‘टिंकल’सारखे नियतकालिक येथे उपयोगी पडते. उर्दूतही संख्या डावीकडून उजवीकडे लिहितात. तोच धागा शिक्षकाने पकडावा. प्रथम चौकटींना क्रमांक द्यावेत आणि चित्रे पाहून मुलांकडून गोष्ट उर्दूत वदवून घ्यावी. नंतर फुग्यांतील एकेक वाक्य मोठ्याने वाचावे व मुलांनी शब्दांखालून बोट फिरवावे. अर्थ आधीच कळलेला असल्याने लक्ष शब्दांवर राहते.

पुष्कळ चित्रकथांतील संवाद केवळ मोठ्या लिपीत छापलेले असतात. उर्दूत असा लहान-मोठा भेद नाही. म्हणून तेच वाक्य फळ्यावर लहान लिपीतही लिहावे. अखेरीस चित्र झाकून वाक्य वाचावयास सांगावे. ते वाचता आले तरच वाचन साधले. एरवी मूल चित्रावरून अंदाज बांधत असते.