रक्तशर्करामापकातील अल्पऊर्जा सूक्ष्मनियंत्रक

क्लार्क व लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेली विकर-इलेक्ट्रोडची कल्पना आजच्या रक्तशर्करामापकाच्या मुळाशी आहे. पट्टीवरील विकरामुळे ग्लुकोजचे ऑक्सिडीभवन होते. मुक्त झालेले इलेक्ट्रॉन मध्यस्थ द्रव्यामार्फत इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात व ग्लुकोजच्या प्रमाणात काही मायक्रोअँपिअर विद्युतप्रवाह निर्माण होतो. प्रवर्धक या प्रवाहाचे विद्युतदाबात रूपांतर करतो आणि सूक्ष्मनियंत्रक त्याचे अंकीकरण करतो. विकराची क्रिया तापमानानुसार बदलत असल्याने तो तापमानाची दुरुस्तीही करतो. ती चुकल्यास इन्सुलिनची मात्रा चुकण्याचा धोका संभवतो. प्रत्यक्ष मापन काही सेकंदांचेच असते. उर्वरित काळ सूक्ष्मनियंत्रक निद्रावस्थेत, सुमारे १ मायक्रोअँपिअर प्रवाहावर, राहू शकतो. म्हणूनच नाण्याएवढ्या विद्युतघटावर हे उपकरण रुग्णाच्या घरी दीर्घकाळ सज्ज राहते.