बोललं आणि बांधलं गेलं

तुमचं पीक आज कापणीला आलंय, माझं उद्या येईल. आज मी तुमच्या रानात राबावं, उद्या तुम्ही माझ्या. पण तुमचं उरकल्यावर तुम्ही माझ्या बांधाकडे फिरकाल कशावरून? म्हणून मी येत नाही, तुम्हीही येत नाही, आणि दोघांचंही पीक रानातच वाया जातं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1740 मध्ये रंगवलेले हे शेतकरी. आपल्याकडे सावडीनं कापणी करणारा या दोघांना वेड्यात काढेल! पण ते आळशी नाहीत की एकमेकांचे वैरी नाहीत. उद्याच्या माणसाला आज बांधून घ्यायची सोय तेवढी त्यांच्यापाशी नाही.

ती सोय म्हणजे वचन. आणि ते तयार होतं नुसत्या बोलण्यातून! ‘मी येईन’ म्हणण्याआधी माझ्यावर काही बंधन नव्हतं. वाक्य संपेपर्यंत ते आलेलं असतं. जगात कुठे काडीही हललेली नसते. ह्यूमलाही हे इतकं गूढ वाटलं, की त्यानं याची तुलना थेट कॅथलिक विधीशी केली. तिथे धर्मगुरूच्या शब्दांनी भाकरीचं ख्रिस्ताचं शरीर होतं, अशी श्रद्धा आहे. धर्माची टर उडवण्यात ह्यूमचा हात धरणारे थोडेच, तेव्हा यातला खवचटपणा उघड आहे.

त्यापुढचं त्याचं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. धर्मगुरूच्या मनात हेतूच नसेल, तर त्या मतानुसार विधी फुकट जातो. वचनाचं तसं नाही. ‘बोललो खरं, पण मनात नव्हतं’ ही सबब कोणी ऐकून घेत नाही. ऐकली असती, तर दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून कोणी कर्जही दिलं नसतं आणि लग्नाचा मांडवही घातला नसता. मनात काय होतं हे तपासायचं कसं? म्हणून माणसांनी हिशेब उच्चारलेल्या शब्दाचा धरला.

खिशातली शंभराची नोट पाहा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर, तुम्हाला न ओळखता, धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन सहीनिशी देतो. (एक रुपयाच्या नोटेवर असं वचन नाही, ती सरकार स्वतः काढतं, सही अर्थसचिवाची.) वचन वसूल करायला गेलात तर मिळतील दुसऱ्या नोटा किंवा नाणी, म्हणजे पुन्हा रुपयेच. तरी त्या कागदावर बाजार चालतो.

नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा चलनातून गेल्या. पण छापलेला शब्द नुसत्या घोषणेनं पुसला जात नाही. बँकेला त्या देण्यातून मोकळं करायला 2017 मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्यानं अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगायला बंदी आहे. अभ्यासक आणि नाणेसंग्राहकांना मात्र पंचवीसपर्यंत ठेवता येतात.