पोलादाचं पाणी

मराठीत माणसालाही पाणी असतं आणि पोलादालाही. एखाद्याचं पाणी आपण जोखतो आणि लोहार कोयत्याला पाणी देतो. उर्दूत 'आब' म्हणजे पाणी, झळाळी आणि पात्याचं तेजही. मराठीनं तो शब्द घेतला आणि माणसाचा आब राखायला सांगितलं. मी कवी, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. या शब्दांच्या मागे जात जात लोहाराच्या भात्यापाशी पोचलो आणि पुढे हौसेनं सुऱ्या घडवू लागलो. तिथं कळलेल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली ही, की सगळंच लोखंड पाणी घेत नाही. पाणी घेण्याचा गुण येतो कार्बनमुळे. खिडकीच्या गजात, साध्या पट्टीत तो पाव टक्क्याहूनही कमी असतो. असं लोखंड कितीही तापवून बुडवा, त्याची धार टिकायची नाही. सुरीला साधारण ०.६ ते १ टक्का कार्बन हवा. मालमोटारीच्या कमानीच्या पाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, चांगल्या कानशीत एक टक्का किंवा अधिक. स्वस्त कानशींची मात्र कधीकधी वरची कातडीच तेवढी कडक असते.

मग ओळखायचं कसं? तुकडा ग्राइंडरला लावावा आणि ठिणग्या पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. क्वचित एखादीला फाटा फुटतो. कार्बन भरपूर असेल तर दिवाळीतल्या फुलबाजीसारखी दाट फुलं फुटतात. पण खरी परीक्षा पुढची. एक लहान तुकडा लाल तापवून तेलात विझवावा. त्यावर कानस न रुतता घसरली, की पोलाद पाणी घेतं. मग तो फडक्यात गुंडाळून शेगड्यात धरावा आणि हातोडीनं मोडावा. मोड बारीक, राखाडी, रेशमासारखी दिसली तर काम बरोबर. साखरेसारखे दाणे चमकले तर ताव जास्त झाला. डोळ्यांवर चष्मा हवाच. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड भट्टीत घालू नये, त्याचा धूर बाधतो.

दुसरी गोष्ट पाणी देण्याची. तापलेल्या पोलादात कार्बन विरघळतो, गरम दुधात साखर विरघळावी तसा. सावकाश थंड केलं तर तो वेगळा होऊन बसतो आणि पोलाद मऊ राहतं. एकदम थंड केलं तर त्याला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. तो जागच्या जागी अडकतो आणि पोलाद कडक होतं. या अवस्थेला 'मार्टेन्साइट' म्हणतात, आडॉल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून.

ताव ओळखायला लोहचुंबक पुरे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून थोडं वर, ८००च्या आसपास न्यावं. आधी दोन-तीनदा असंच तापवून हवेत निवू द्यावं, म्हणजे पोलादाचा कण बारीक होतो. मग कोमट तेलात पातं सरळ बुडवावं; आडवं हलवलं तर वाकतं. पातळ पातं पाण्यात बुडवलं तर तडकण्याची भीती असते. तेल पेट घेऊ शकतं, म्हणून भांडं धातूचं असावं आणि झाकण हाताशी.

इथं पुष्कळ हौशी माणसं थांबतात. कानस घसरते, पातं कडक झालेलं असतं, काम संपलंसं वाटतं. पण ते पातं या घडीला काचेसारखं असतं. फरशीवर पडलं तर फुटेल, वापरताना तुटलं तर तुकडा डोळ्यात जाईल. म्हणून ते लगेच घासून ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवावं, निवू द्यावं आणि पुन्हा दोन तास ठेवावं. अडकलेला कार्बन थोडा सैल होतो. पृष्ठभागावर गवताच्या काडीसारखा फिका पिवळा रंग चढतो. कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. कामाला हाच चिवटपणा येतो.

आपला लोहार हे दोन्ही एकाच तापात करतो. कोयत्याची धार तेवढी तो पाण्यात विझवतो, बाहेर काढून दगडावर घासतो आणि बघत राहतो. पाठीत राहिलेली धग धारेकडे उतरू लागते. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा असे रंग सरकत येतात. हवा तो रंग धारेवर पोचला, की कोयता पुन्हा पाण्यात. ना तापमापक, ना घड्याळ. ही सारी विद्या नजरेत आहे आणि ती लिहून ठेवलेली फारशी सापडत नाही. आयत्या सुऱ्यांच्या बाजारात लोहाराचं काम कमी होतं, तेव्हा त्याच्या पोटाबरोबर ही नजरही जाते.

तेव्हा सुरी घडवायची हौस असेल तर भंगाराचा अनोळखी तुकडा उचलण्याआधी एखाद्या लोहाराकडे जावं. त्याच्या कामाचे पैसे द्यावेत आणि धारेवरून रंग उतरताना त्याच्या शेजारी उभं राहून पाहावं.