तिशीत मिळालेली जर्सी

कोथरूडहून बालेवाडी फार लांब नाही. तिथल्या क्रीडासंकुलात पुणे एफसीच्या बचावफळीत खेळणारा अनस एडाथोडिका जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा हा मुलगा. घरची परिस्थिती बेताची. तरुणपणी त्याने रिक्षाही चालवली. २००७ मध्ये तो मुंबई एफसीत आला, मग पुण्यात. भारताची जर्सी मात्र मिळाली २०१७ मध्ये, वयाची तिशी गाठल्यावर. २०१९ च्या आशियाई चषकात बहारीनविरुद्ध दुखापतीमुळे चौथ्याच मिनिटाला त्याला मैदान सोडावे लागले. त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली. पण काही महिन्यांत तो पुन्हा संघात परतला. रमजानमध्ये आपण ज्याला सब्र म्हणतो, तो याहून वेगळा काय असतो?