पाऊस, ऊन आणि विहीर : हिशेब सर्वांना खुला हवा



सौर पंप बसला की विजेचे बिल नाही, रात्री-अपरात्री पाणी धरायला जाणे नाही. सोय मोठीच आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ऊन फुकट असले तरी विहिरीतले पाणी फुकट नाही. बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर चालूच ठेवला, तर उन्हाळा लागायच्या आत विहीर तळ गाठते.

राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या २०२४ च्या योजनेत पंप क्षेत्रावरून ठरवला गेला: अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा. क्षेत्र सातबाऱ्यावर असते, पण विहिरीतले पाणी काही सातबाऱ्यावर नसते. ते कळायला पाऊस, ऊन आणि भूजल यांचे आकडे एकत्र मांडावे लागतात. हे आकडे कोणालाही पाहता, तपासता आणि वापरता येतात तेव्हा त्यांना खुली आकडेवारी म्हणतात.

आकडे कोठे मिळतात?

१) पाऊस : भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. खात्याच्या पुणे कार्यालयाने देशाच्या नकाशावर सुमारे २५ किलोमीटरच्या चौकटी आखून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस मांडला आहे. तो संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. शिवाय २०१७ पासून महावेध प्रकल्पात महसूल मंडळवार स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली.

२) ऊन : अमेरिकेची नासा ही संस्था उपग्रहांच्या आधारे काढलेले ऊन-तापमानाचे आकडे फुकट देते. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ५ युनिट ऊन पडते. जुलै-ऑगस्टमध्ये ते बरेच घटते.

३) भूजल : राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते.

केंद्र सरकारने २०१२ साली सरकारी आकडेवारी लोकांना मिळावी यासाठी धोरण ठरवले. त्याआधी अभ्यासकाला पुष्कळदा परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागत. उपग्रहाच्या चित्रांचेही तेच. अमेरिकेने लँडसॅट उपग्रहांची चित्रे २००८ साली मोफत केली आणि त्यांचा वापर कित्येक पटींनी वाढला.

हिशेब कसा करायचा?

समजा, फळबागेला दिवसाला ६० हजार लिटर पाणी लागते. विहिरीची खोली आणि ठिबकचा दाब मिळून ३० मीटर उचल आहे. तेवढे पाणी उचलायला सुमारे ५ युनिट लागतात. पंप-मोटारीत निम्मी शक्ती वाया जाते, म्हणून १० युनिट धरा. ३ अश्वशक्तीच्या संचाला ३००० वॉटचे पॅनेल असेल तर चांगल्या उन्हात घट वजा जाता सुमारे ११ युनिट मिळतात. म्हणजे ३ अश्वशक्तीत भागते. मोठ्या पंपाने पाणी वाढत नाही, ते फक्त लवकर उपसले जाते.

हाच हिशेब संशोधक साऱ्या तालुक्याचा मांडू शकतो. कुठे पंप द्यावेत, कुठे आधी पाणी मुरवावे, कुठे उरलेली सौर वीज दुसऱ्या कामाला लावावी, हे त्यातून ठरते. चूक असली तर दुसरा अभ्यासक तेच आकडे घेऊन ती दाखवू शकतो. आकडे बंद असले तर सांगणाऱ्यावर विश्वास ठेवण्याखेरीज इलाज उरत नाही.

सारेच खुले करावे का?

नाही. पीएम-कुसुम योजनेतील पंप किती चालला याची नोंद दूरवरून घेता येते. गावाची एकूण बेरीज जरूर खुली असावी. पण कोणाचे नाव, गट नंबर आणि त्याचा रोजचा उपसा चावडीवर मांडण्याचे कारण नाही.

तुम्ही काय करावे?

बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे कोरडे, हा अनुभव तुम्हाला आहेच. मंडळाचे केंद्र तुमच्या शेतापासून लांब असू शकते, आणि हवामान आधारित फळपीक विम्याची भरपाई केंद्राच्याच आकड्यांवर ठरते. म्हणून आपली नोंद आपल्याजवळ असू द्या. तिच्यावरून भरपाई मिळणार नाही, पण केंद्राच्या आकड्यात फरक दिसला तर विचारणा करायला आधार मिळेल.

• सरळ उभ्या कडांचे, सपाट बुडाचे भांडे झाडा-घरापासून दूर, जमिनीपासून फूटभर उंच ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजून पाणी ओतून द्या.
• १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी, हे लक्षात ठेवा.
• जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी दोरीला वजन बांधून विहिरीची पातळी मोजा. खूण दरवेळी तीच धरा.
• तारीख घालून वहीत लिहा. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहा. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे.

गावातल्या पाच-दहा जणांनी अशा वह्या ठेवल्या आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला, तर रब्बीला किती एकर भिजेल हे पेरणीआधीच कळेल. पेरल्यावर कळून उपयोग नाही.