लिनक्सचा पडदा, आपल्या डोळ्यांना सोसेल असा

देवरी तालुक्यातल्या चिचगडसारख्या गावात जुना संगणक टाकून देण्याआधी त्यावर लिनक्स आणि त्यावरचं एक्सएफसीई डेस्कटॉप जरूर चालवून पाहावं. ऑलिव्हिए फूर्दां यांनी १९९६मध्ये सुरू केलेलं हे डेस्कटॉप मोफत आहे, हलकं आहे आणि हवं तसं सजवता येतं. सेटिंग्जमधल्या 'अपिअरन्स'मध्ये रंगसंगती, आयकॉन आणि फॉन्ट बदलतात. खिडकीच्या वरच्या पट्टीचं रूप मात्र 'विंडो मॅनेजर'मध्ये ठरतं. नवखे नेमके इथेच अडतात.

माझ्या मते सुरुवात फॉन्टपासून करावी. रेड हॅटने २००४मध्ये खुला केलेला 'लोहित' मराठीसाठी चांगला. अक्षरं एक-दोन अंकांनी मोठी केली की वेलांट्या, रफार, जोडाक्षरं स्पष्ट दिसतात. वॉलपेपर नंतर, सवडीने निवडावा.